डॉक्टरकीतले मूळ विचार कसे बदलतात? खानदेशातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून ओपीडीत येणारी माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. गर्दीत सगळ्यांना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधीचे डॉक्टर एक सांगायचे, तुम्ही उलटंच सांगता. खरं कोणाचं धरायचं?

बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं, आपापल्या काळापुरतं. गोळी बदलते, डोस बदलतो, टाक्यांचा दोरा बदलतो, हे नेहमीचंच आहे. त्यात आजाराबद्दलची समजूत तीच राहते. पण कधीतरी समजूतच बदलते: आजार कुठे बसलेला असतो, कशाने होतो, तो बरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं. मग वर्षानुवर्षं चालत आलेली ऑपरेशनं बंद पडतात आणि ज्याला कोणी विचारत नव्हतं ते औषध पहिल्या नंबरला येतं. हे पान अशा मोठ्या बदलांबद्दल आहे.

हे बदल कुणा मोठ्या डॉक्टरच्या शब्दावर टिकले नाहीत. कोणीतरी बसून रुग्ण मोजले, किती आले, किती वाचले, किती गेले, तेव्हाच ते टिकले. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तिखट खाऊनच अल्सर होतो ना? मग मिरची बंद करू का?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. काळ्या मसाल्याची शेवभाजी, कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा, हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी. पोट दुखलं की पहिला आळ मिरचीवर. ‘मन्हं पोट दुखी ऱ्हायनं’ म्हणत आलेल्या माणसाला सोबतची माय आधीच दटावत असते, ‘आणखी खा ठेचा’.

फक्त घरचेच असं म्हणत नव्हते. विसाव्या शतकात बहुतेक काळ डॉक्टरही हेच मानत होते: जठरात ॲसिड जास्त होतं, त्यात काळजी आणि तिखटाची भर पडते आणि आतून जखम होते. आजार ॲसिडचा, तर इलाज ॲसिड तोडण्याचा. म्हणून जठराला ॲसिड सोडायला लावणारी व्हेगस नावाची नस कापायची, जठराचा भाग काढायचा किंवा ते आतड्याला जोडून नवी वाट करायची, अशी ऑपरेशनं होत. ही ऑपरेशनं करण्यात सर्जनचं कसब दिसायचं आणि त्यांचा मानही मोठा होता. आजही सत्तरीपुढचे काही आप्पा-नाना सदरा वर करतात तेव्हा छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत गेलेली उभी खूण दिसते. ती बहुधा त्याच काळातली असते.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ पासून त्यांना जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसू लागले. त्या वेळी शिकवण अशी होती की जठरात इतकं ॲसिड असताना जंतू जगूच शकत नाही, त्यामुळे दिसले तरी ते बाहेरून लागलेले समजायचे. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत ते जंतू वाढता वाढत नव्हते. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या बश्या नेहमीच्या दोन दिवसांऐवजी जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि त्यावर जंतू उगवले. त्यांना वाढायला वेळ लागतो, आणि आधीच्या बश्या त्याआधीच फेकल्या जात होत्या. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः प्याले. काही दिवसांत मळमळ-उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने पाहिल्यावर जठराला सूज दिसली.

लोक ही पिण्याची गोष्ट लक्षात ठेवतात. मला मात्र निर्णायक वाटतो तो १९९३ मध्ये छापलेला एक अभ्यास. लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर असलेल्या रुग्णांत फक्त ॲसिडची गोळी घेणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांना वर्षभरात अल्सर पुन्हा झाला. सोबत अँटिबायोटिक घेणाऱ्यांत हेच प्रमाण ८ टक्के होतं. यानंतर वाद घालायला फार जागा उरली नाही. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

तेव्हा ठेच्याने जळजळ होत असेल तर कमी खा, पण अल्सर त्याने होत नाही. दोन मुख्य कारणं आहेत. एक म्हणजे हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो असल्याची तपासणी करून साधारण दोन आठवड्यांचा कोर्स पूर्ण घ्यावा लागतो. दुसरं कारण आपल्याकडे फार दिसतं: कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलवरून रोज उपाशीपोटी घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी. मिरचीवर पहारा ठेवणाऱ्या घरात या गोळीकडे कोणाचंच लक्ष नसतं.

म्हणजे आमच्या वडिलांचं ते ऑपरेशन उगाच झालं?

नाही. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबरच होतं, आणि अल्सर फुटलेला असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर आजही ऑपरेशन करावं लागतं. तुम्ही एवढं करा: जठर कापलं असेल तर त्यांचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ अधूनमधून तपासा. अशा माणसांत दोन्ही कमी होतात, आणि अशक्तपणा वयाचा समजून सोडून दिला जातो.

डॉक्टर लोकच नवीन गोष्ट उशिरा का मानतात? शिकलेले असून?

शिकलेले असतात म्हणूनच कधी कधी.

व्हिएन्नाच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. बायका पहिल्या विभागात जायला नको म्हणून गयावया करत. इग्नात्स सेमेलवाइस हा तिथला डॉक्टर कारण शोधत होता. १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारला, आणि त्याच्या शरीरात सापडलेली लक्षणं हुबेहूब बाळंतज्वराची होती. पहिल्या विभागातले डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. सेमेलवाइसने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये पहिल्या विभागाचा मृत्युदर १.२७ टक्क्यांवर आला.

तरीही बहुतेकांनी ते मानलं नाही. एक कारण असं की हात धुतल्याने नेमकं काय होतं, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. दुसरं कारण माणसाच्या मनाचं आहे, आणि मला तेच जड वाटतं. हे मान्य करायचं म्हणजे ‘मी ज्यांना वाचवायला गेलो त्या माझ्याच हातांनी गेल्या’ हे मान्य करायचं. १८६५ मध्ये सेमेलवाइस वेड्यांच्या रुग्णालयात वारला.

त्याच वर्षी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. त्या काळी असा पाय बहुधा कापावाच लागे. या मुलाचा पाय वाचला. लिस्टरजवळ सडण्यामागे जंतू असतात हे पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचं स्पष्टीकरण होतं आणि जंतू हा शत्रू बाहेरचा होता, त्यामुळे डॉक्टरांना त्याच्याविरुद्ध उभं राहणं सोपं गेलं. तरी सगळ्यांनी मान्य करायला पुढची बरीच वर्षं गेली.

स्तनात गाठ निघाली. पूर्ण स्तन काढावाच लागेल का?

बऱ्याच जणींना नाही. पण आपल्या भागात याचं उत्तर फक्त वैद्यकीय नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांचा विचार असा होता की कॅन्सर एका जागी सुरू होऊन पायरी पायरीने बाहेर पसरतो. मग जितकं जास्त कापाल तितकं बरं. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. बाईची छाती बरगड्यांवर आत बसायची, हात सुजायचा. पाऊणशे वर्षं हेच ऑपरेशन चाललं.

बर्नार्ड फिशर या सर्जनने वेगळा विचार मांडला. गाठ हाताला लागते तोवर काही पेशी रक्तातून इतरत्र गेलेल्या असू शकतात. तसं असेल तर छातीवर आणखी कापून जीव वाचणार नाही, औषध साऱ्या शरीराला द्यावं लागेल. त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची विभागणी करून तुलना केली. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनीही तेच केलं. दोघांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये छापून आले: लहान गाठीत फक्त गाठ काढून शेक, म्हणजे किरणोपचार, दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. फिशर यांच्यावर सर्जनमंडळींनीच कडक टीका केली होती. जास्त कापतो तो जास्त धाडसी, हा समज मोडणं सोपं नव्हतं.

आता आपल्याकडचं सांगतो. स्तन वाचवायचा तर नंतर शेक बहुतेक वेळा घ्यावाच लागतो. पूर्वी तो पाच-सहा आठवडे रोज असायचा. शहाद्याकडच्या खेड्यातल्या बाईने रोज कसं जायचं? कुठे राहायचं? शेत कोणी पाहायचं? घरातले म्हणत, ‘काढून टाका पूर्ण, येरझारा नको.’ तो निर्णय अडाणीपणाचा नव्हता, एसटीच्या वेळापत्रकाचा होता. म्हणून शेकाचा काळ कमी करणाऱ्या अभ्यासांना आपल्या भागात फार मोल आहे. १५ बैठकांत, तीन आठवड्यांत काम होतं हे आधी सिद्ध झालं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं की निवडक रुग्णांत एका आठवड्यात ५ बैठकाही पुरतात. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: माझा स्तन वाचवता येईल का, आणि शेक किती दिवसांचा? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पहिल्याचा निर्णय बदलू शकतो.

लाजेने गाठ लपवू नका. उशिरा आलेल्या बाईपुढे हे पर्याय उरत नाहीत.

दुर्बिणीचं ऑपरेशन खरंच चांगलं, की खर्च वाढवायला?

पित्ताशयाच्या खड्यांसाठी चांगलं आहे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी ते पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यांच्याच सर्जन बंधूंनी ते धुडकावलं. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ते सुरू केलं. ‘मोठा सर्जन, मोठा चिरा’ हा विचार तिथून ढासळू लागला. मात्र हा बदल मोजदादीआधीच धावला. सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा वाढलं होतं, नंतर हात बसत गेला तसं ते आटोक्यात येत गेलं. म्हणून मशीन कुठलं यापेक्षा सर्जन हे ऑपरेशन नियमित करतो का, ते विचारा. आणि अडचण आली म्हणून मधेच पोट उघडलं तर ते अपयश समजू नका. तो शहाणपणाचा निर्णय असतो.

अपेंडिक्स गोळ्या-इंजेक्शनवर बरं होतं असं ऐकलं. मग ऑपरेशन कशाला?

शंभराहून जास्त वर्षं नियम होता: अपेंडिक्स सुजलं की काढा, नाहीतर फुटेल. २०१५ मध्ये फिनलंडच्या एका चाचणीत ५३० रुग्ण घेतले, सगळ्यांचं सीटी स्कॅन करून गुंतागुंत नाही याची खात्री केली आणि अर्ध्यांना फक्त अँटिबायोटिक दिलं. त्यांतल्या २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन लागलं, पाच वर्षांपर्यंत ३९ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त जण ऑपरेशनविना राहिले.

सूज आली की फुटणारच, ही समजूत त्याने मोडली. पण हा आकडा फिनलंडचा आहे, तिथे रात्री दोनला पुन्हा दुखलं तरी ॲम्ब्युलन्स येते. धडगावकडच्या पाड्यावर राहणाऱ्या पोराला पावसाळ्यात नाला भरला असताना पुन्हा दुखलं तर? मी अशा घरच्यांना ऑपरेशनच करून घ्या म्हणतो. जळगाव शहरात राहणाऱ्या, सीटी झालेल्या, अपेंडिक्समध्ये खडा नसलेल्या माणसाला गोळ्यांचा पर्याय मोकळेपणाने देतो.

ऑपरेशननंतर पाणीसुद्धा देऊ नका म्हणायचे. आता दुसऱ्याच दिवशी चालवता?

वॉर्डात हे अजून पाहायला मिळतं: पेशंट ओठ चाटत ‘पाणी दे ना माय’ म्हणतो आणि शेजारी बसलेली बहीण वाटीतल्या पाण्यात कापूस बुडवून फक्त त्याच्या ओठांवर टेकवते. कोणीतरी सांगितलेलं असतं, थेंब जरी आत गेला तर टाके तुटतील. तिची माया खरी आहे, भीतीही खरी आहे.

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट यांनी या जुन्या नियमांना एकेक करून प्रश्न केला. रात्रभर उपाशी का? नळ्या इतके दिवस का? अंथरुणावर का? बऱ्याच नियमांच्या मागे सवयीशिवाय काही निघालं नाही. आता साधं पाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालतं, बऱ्याच ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी घोट घोट सुरू होतं, आणि चालवल्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो. सिस्टर उठवायला आल्या तर त्यांच्याशी भांडू नका. मात्र तुमच्या पेशंटला केव्हा द्यायचं ते त्यांनाच विचारा, काही ऑपरेशनांत अजून थांबावं लागतं.

जुलाबाला सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येते का?

येते. पिऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, बहुतेक वेळा पुरतं. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. साखर असली की आतडं मीठ आणि पाणी आत ओढतं, अगदी जुलाब चालू असतानाही. हे शास्त्र आधीच माहीत होतं. नवीन गोष्ट ही होती की उपचार आईच्या हातात दिला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा लहान मूल काही तासांत कोमेजतं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासात अर्धं पाकीट नको. मूल सुस्त पडलं, लघवी बंद झाली किंवा उलट्यांनी काहीच टिकत नसेल तर मात्र लगेच दवाखान्यात न्या, तिथे सलाईन लागेलच.

सिकलसेलवर इलाजच नाही म्हणतात. मग तपासणी करून काय फायदा?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांत हा प्रश्न खोल दुखण्यातून येतो, म्हणून सरळ सांगतो: फायदा आहे, आणि मोठा आहे.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखादा आजार थेट एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ होती. पण मुलांच्या आयुष्यात फरक पडला तो नंतरच्या एका मोजणीने. १९८६ च्या चाचणीत सिकलसेलग्रस्त लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. मूल आजारी पडेल तेव्हा बघू, हा विचार तिथे संपला. जन्मल्याबरोबर ओळखा आणि आधीपासून जपा, हा सुरू झाला. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने कळांचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तो आज आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, पण आजाराच्या मुळावरच इलाज करता येतो हे त्याने दाखवलं.

भारतात १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणीत ‘वाहक’ निघालेला माणूस आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा मूल ग्रस्त होऊ शकतं, एवढं दोन्ही घरांनी आधी जाणावं. वाहक म्हणून पोरीचं लग्न मोडू नका.

विंचवाला मांत्रिक, काविळीला झाडपाला. हे सगळं खोटं का?

नाव पाहून मी खरं-खोटं ठरवत नाही. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांनी जुन्या चिनी औषधग्रंथांतल्या वनस्पतीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन काढलं, त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कारण ते मोजून उतरलं. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, हे ओळखून महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी वापरली आणि मृत्यू फार कमी केले. त्यामुळे पऱ्हाटीच्या ढिगात हात घालताना विंचू चावला आणि घाम फुटला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर मंत्रात वेळ घालवू नका. तान्ह्या बाळाच्या पोटावर डाग देणं तर कधीच नको, त्याने फक्त जखम होते.

नवीन म्हणजे चांगलंच ना?

नाही. हार्ट ॲटॅकनंतर ठोके नियमित करणारी काही औषधं वर्षानुवर्षं दिली जात होती, ईसीजीही सुधारलेला दिसायचा. १९८९ मध्ये मोजलं तर ती घेणारे जास्त मरत होते. करोनात बरे झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी घरचे गावोगाव फिरले. देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्लाझ्माने फायदा दिसला नव्हता. ते २०२० मध्येच छापून आलं होतं, तरी सरकारी मार्गदर्शक सूचनांतून तो मे २०२१ मध्ये निघाला. त्या मधल्या महिन्यांत ज्यांनी डोनर शोधत रात्री काढल्या, त्यांचं मला फार वाईट वाटतं.

जुने कागद किती वर्षं ठेवायचे?

कायम. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट यांचे मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल तर पॅथॉलॉजीत मेणाचा ठोकळा असतो, त्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो. तो कुठे आहे ते विचारून ठेवा. नवीन औषध आलं की त्याच ठोकळ्यावर पुन्हा तपासणी करून ते तुम्हाला लागू पडेल का हे सांगता येतं, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.